रॉ फाइल उघडते तोवरच आपली

बिद्री हे कागल तालुक्यातलं, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचं नाव दूरवर पोचलं. इथल्या फोटोग्राफरचं वर्षही कारखान्यासारखंच ठरलेलं असतं. दिवाळीच्या पुढेमागे मोळीपूजन, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, फाल्गुनात आदमापूरला बाळूमामांचा भंडारा, उन्हाळ्यात वास्तुशांती आणि जावळं. आता यातलं बरंचसं काम रॉमध्ये टिपलं जातं. आम्ही एकत्र जमलो की कॅमेऱ्यावर बोलतो, लेन्सवर त्याहून जास्त बोलतो. पण टिपलेली फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कोणत्या विंडोजवर उघडणार, हा विषय बहुतेक वेळा नवा कॅमेरा घरात आल्यावरच निघतो. तो आधी निघावा, म्हणून या व्यवसायात राहून जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

१. रॉ ही सेन्सरची नोंद आहे

जेपेगमध्ये रंग, उजेड, धार हे सगळं कॅमेऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. रॉमध्ये फक्त सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडला त्याची नोंद असते. बहुतेक कॅमेऱ्यांत दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा, एक लाल आणि एक निळा उजेड मोजतो. त्यातून रंगीत चित्र घडवायचं काम सॉफ्टवेअरचं.

एवढा व्याप कशासाठी, हे आदमापूरच्या एका फोटोत दिसतं. दुपारच्या उन्हात भंडारा उधळला की हळदीच्या पिवळ्यात लाल रंगाची नोंद टोकाजवळ जाते आणि निळा जवळजवळ उरतच नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. लाल रंग २५५ वर जाऊन अडकला की उधळणीच्या जागी एक सपाट पिवळा डाग दिसतो. त्याच क्षणाच्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. तिचं एक्स्पोजर थोडं खाली ओढलं की डागातून भंडाऱ्याचे लोट वेगळे होतात, त्याआडची घोंगडी दिसते, कपाळावरची बोटांची खूण उमटते. हे सगळं फाइलमध्ये असतंच, पण ते बाहेर काढणारं सॉफ्टवेअर हाताशी असलं तरच त्याचा उपयोग.

२. एक्स्टेन्शन सारखं असलं तरी फाइल सारखी नसते

ओळखीच्या एका फोटोग्राफरने लग्नसराईच्या तोंडावर नवा कॅमेरा घेतला आणि पहिल्या हळदीच्या रात्रीच त्याचा फोन आला, “भावा, फाइल दिसतीया, पन उघडंना झालीया.” जुन्या कॅमेऱ्याची एनईएफ, म्हणजे निकॉनची रॉ फाइल, उघडत होती, नव्याची एनईएफ उघडत नव्हती, आणि त्याला कार्ड खराब असल्याची शंका होती. कार्ड ठीक होतं. प्रत्येक मॉडेलचा सेन्सर वेगळा, रंगांचं गणित वेगळं, फाइल दाबून लहान करायची रीतही वेगळी. ते मॉडेल बाजारात येण्याआधीच ज्या सॉफ्टवेअरची अपडेट थांबली, त्याला त्या फाइलचं काही कळत नाही. कॅननने तर २०१८ मध्ये सीआर२ सोडून सीआर३ ही नवीच रचना आणली.

लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून मिळणारं शेवटचं लाइटरूम. त्याची ६.१४ ही शेवटची अपडेट डिसेंबर २०१७ मध्ये आली. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यात थेट उघडत नाही. म्हणून कॅमेरा घेण्याआधी सॉफ्टवेअरला चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यादीत आपलं मॉडेल आणि त्यापुढे लिहिलेला आवृत्तीचा आकडा शोधावा. दुकानात उभं राहून मोबाइलवरही हे पाहता येतं.

३. जुन्या सॉफ्टवेअरपर्यंत जायला दोन वाटा आहेत

त्या रात्री त्या मित्राचं काम डीएनजीने निभावलं. डीएनजी हा अडोबीने २००४ मध्ये आणलेला रॉचा प्रकार. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे आणि कन्व्हर्टर फुकट मिळतो. कन्व्हर्टरच्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटीचा पर्याय असतो. तिथे आपल्या फोटोशॉपला झेपेल ती कॅमेरा रॉ या प्लगिनची आवृत्ती निवडायची. सीएस३ असेल तर ४.१, अपडेट केलेलं सीएस६ असेल तर ७.१. मग नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या फोटोशॉपमध्ये उघडते. फोटोशॉप ७ मात्र २००२ चं, म्हणजे डीएनजीच्या आधीचं. त्याला ही वाट नाही.

दुसरी वाट कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या मोफत सॉफ्टवेअरची. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल. तिथे रंग सुधारून १६ बिट टिफ काढायची. २४ मेगापिक्सेलची अशी टिफ १४४ एमबीच्या आसपास जाते, त्यामुळे अख्खं लग्न टिफमध्ये न काढता अल्बमला निवडलेले फोटोच काढावेत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअरही शिकण्यासारखी आहेत. त्यांचा कोड खुला असल्यामुळे फाइल वाचायची रीत एकाच कंपनीच्या हाती राहत नाही.

४. चौघांचा हिशेब एकत्र करावा

कॅमेरा, सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि मशीन यांतलं एक बदललं की बाकीच्यांना धक्का बसतोच. नवा कॅमेरा नवं सॉफ्टवेअर मागतो. नवं सॉफ्टवेअर विंडोज ७ वर चढत नाही. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मॅकवाल्यांनी हे २०१९ मध्येच पाहिलं. मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद केले, आणि ॲपलचं स्वतःचं फोटो सॉफ्टवेअर ॲपर्चरही त्यावर चालेनासं झालं.

म्हणून कॅमेऱ्याच्या किमतीपुढे सॉफ्टवेअर, मशीन, कार्ड रीडर आणि हार्ड डिस्क यांचे आकडे लिहून मगच बेरीज करावी. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या तरुण मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

५. अपग्रेड चातुर्मासात करावं

गाळप संपलं की कारखाना यंत्रसामग्री उघडतो, झिजलेलं बदलतो, चाचणी घेतो आणि मगच पुढच्या हंगामाला सामोरा जातो. आपणही तेच करावं. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, तो काळ अपग्रेडचा.

आधी चालू डिस्कची पूर्ण इमेज काढून ठेवावी. जुन्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर आणि सीरियल नंबर वेगळे जपावेत, कारण जुनी आवृत्ती नंतर मिळेलच असं नाही. नवी सिस्टीम वेगळ्या डिस्कवर टाकावी आणि आपल्या प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक फाइल उघडून पाहावी. प्लगिन चालतात का, अल्बम सॉफ्टवेअरचं डोंगल ओळखलं जातं का, प्रिंटरचा ड्रायव्हर बसतो का, एक फोटो छापून रंग जुळतो का, हे तपासावं. लग्नसराईत विंडोजची अपडेट थांबवून ठेवावी. एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत ती सोय मिळते. जुनं मशीन विकण्यापेक्षा इंटरनेट तोडून फक्त जुन्या कामांसाठी ठेवलं, तर तेच अडचणीला धावून येतं.

६. रंगकाम फाइलबरोबर जात नाही

लाइटरूममध्ये केलेले बदल कॅटलॉगमध्ये किंवा फाइलशेजारच्या एक्सएमपीमध्ये राहतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टार रेटिंग कदाचित पोचेल, पण आपण बसवलेला शालूचा रंग पोचत नाही. कॅटलॉग नव्या आवृत्तीत नेला की जुन्या आवृत्तीत तो उघडत नाही, म्हणून जुन्याची प्रत आधी काढावी. आणि पक्क्या झालेल्या प्रत्येक फोटोची पूर्ण आकाराची प्रत काढूनच काम संपलं म्हणावं.

७. नावांचे फॉन्टही सांभाळावेत

आपल्याकडच्या अल्बमच्या जुन्या पीएसडीमध्ये वधूवरांची नावं बहुधा युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्यात फोटोशॉपने टाइप १ फॉन्ट घेणंच आता बंद केलं आहे. फॉन्टच्या फाइल पीएसडीच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि नावांच्या लेयरची एक प्रत रास्टराइज करून ठेवावी. नवं काम युनिकोडमध्येच करावं.

८. मूळ रॉ ठेवावी आणि दरवर्षी उघडून पाहावी

डीएनजी केली तरी मूळ फाइल पुसू नये. ती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या जागी असावी. ग्राहकाला जेपेग द्यावी, कारण रॉ त्याच्या घरी बहुधा उघडणार नाही.

मूळ प्रत न टिकल्याची मोठी किंमत कोल्हापूरने मोजली आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला, पण आज तो पाहायला मिळत नाही. तेव्हा फिल्म टिकवणं अवघड होतं. आज आपल्याकडे डिस्क स्वस्त आहे आणि कन्व्हर्टर फुकट आहे. गावातल्या कितीतरी घरांत आजोबांचा शेवटचा चांगला फोटो नातवाच्या लग्नातला असतो, आणि त्याची मूळ फाइल आपल्या कपाटात असते. ती सांभाळणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

खंडेनवमीला आपण कॅमेऱ्याला हळदकुंकू लावतो. त्याच दिवशी जुन्या डिस्क जोडाव्यात आणि प्रत्येक वर्षातली निदान एक रॉ फाइल उघडून पाहावी. जी उघडणार नाही, तिच्या वर्षाचं अख्खं फोल्डर कार्तिकीच्या आत डीएनजी करून घ्यावं. एकदा लग्नसराई सुरू झाली की त्याला हात लावायला सवड मिळत नाही.