भट्टीवर फझी बसवताना

पोरी, सिमेंटच्या भट्टीच्या फझी कंट्रोलरचं काम तुझ्याकडे आलंय, पण लगेच नियम लिहायला बसू नकोस. आधी तिन्ही पाळ्यांना सीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) बस, रात्रपाळी तर चुकवूच नकोस. ऑपरेटरने कोळसा का वाढवला हे नंतर विचारलंस तर त्याला धड सांगता येणार नाही. हात हलतो त्याच क्षणी विचार. "भट्टीच्या मोटरचे ॲम्पिअर उतरायला लागलेत, माल कच्चा येतोय," म्हणेल. तोच तुझा पहिला नियम. 1975 साली लंडनच्या मामदानी आणि असिलियन यांचा वाफेच्या छोट्या इंजिनावरचा निबंध आला, तो अशाच बोलण्यातल्या नियमांचा होता. पुढे डेन्मार्कच्या होल्मब्लाड आणि ऑस्टरगार्ड यांनी सिमेंटची भट्टी तशी चालवली, तीही ऑपरेटरांच्या पाठ्यपुस्तकातले नियम घेऊन.

गॅस ॲनालायझरवर डोळा ठेव. प्रोबपाशी बाहेरची हवा शिरली की ऑक्सिजन खोटाच जास्त दिसतो आणि कंट्रोलर बिनदिक्कत कोळसा ढकलतो. आकडा एका जागी गोठला, की त्यावरचे नियम आपोआप गळावेत, अशी सोय करून ठेव.

एकट्या खुणेवर तर कधीच जाऊ नकोस. माल साधारण 1450 अंशांना भाजतो, पण तिथे थर्मोकपल टिकत नाही, म्हणून अंदाज बांधावा लागतो. माल तापून चिकट झाला की भिंतीबरोबर वर चढतो, ॲम्पिअर वाढतात. कोटिंग एका बाजूने पडलं तरी ते उसळतात! तेव्हा उष्णतेची दुसरी खूण, नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड), बघ; पण तोही जादा हवेने वाढतो, म्हणून ऑक्सिजनशी ताडून बघ. तिन्ही एकच सांगत असतील तरच मोठं पाऊल टाकायचं. त्यांचं जुळत नसेल तर काहीच करायचं नाही, हाही नियम लिही.

ऑक्सिजन कमी असताना कोळसा वाढवायचा नाही, आधी भट्टीतली हवा ओढणारा आयडी फॅन वाढवायचा. आणि सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा फझीत घालूच नकोस. ईएसपीत (धूळ पकडणाऱ्या विद्युत गाळणीत) सीओ साचला तर स्फोट होतो. तिथे कडक इंटरलॉकच हवा.

ऑपरेटरने कंट्रोलर बंद करून भट्टी हातात घेतली, तर रागावू नकोस, वेळ आणि कारण टिपून घे. त्यातूनच तुझे राहिलेले नियम सापडतील. मात्र एका वेळी एकच नियम बदल. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशात राख पुष्कळ, ती क्लिंकरमध्येच मिसळते. नियम बदललास त्याच दिवशी कोळशाची गाडीही बदलली, तर क्लिंकरमधलं फ्री लाईम (मोकळा चुना) कशाने हललं ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी कोळसा यार्डात फोन कर.