उकाड्याचे मोजमाप : पद्धत कोणती निवडावी?

आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर रात्री उकडते, हे तेथे राहून गेलेल्या प्रत्येक तुकडीला ठाऊक आहे. माजी विद्यार्थी भेटीस आले की उपायही सुचवितात. कोणी कूलर देऊ म्हणतो, कोणी गच्चीवर पत्र्याची शेड, तर कोणी थेट एसी. या सूचनांमागील आपुलकीविषयी शंका नाही. परंतु पैसा दानाचा आहे आणि तो अंदाजावर खर्च करता येणार नाही. उकाडा कोठून येतो, कोणत्या वेळी येतो, कोणाला अधिक सोसावा लागतो आणि त्यापायी विजेचे किती युनिट जातात, हे आधी शोधले पाहिजे. शोधण्याच्या पद्धती अनेक आहेत. पद्धत चुकली तर उत्तर दशांश चिन्हापर्यंत अचूक असूनही निरुपयोगी ठरते.

विषय वास्तुशास्त्राचा, मग इतिहासाच्या शिक्षकाने त्यात का पडावे? कारण एकाच साधनावर विसंबून निष्कर्ष काढू नये, हा इतिहासाचा पहिला धडा येथेही लागू पडतो. शिवाय निवासस्थानाच्या सोयीचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. विहारांना खिडक्या नव्हत्या. आत अंधार असे, दुर्गंधी येई. ही गोष्ट तथागतांच्या कानी घातली गेली आणि त्यांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली. पुढे त्या खिडक्यांतून वटवाघळे आत शिरू लागली, तेव्हा पडद्याची अनुमती आली. राहणाऱ्याची अडचण ऐकणे, उपाय करणे, उपायाचा परिणाम पाहणे आणि पुन्हा दुरुस्ती करणे, हा क्रम आजच्या संशोधकालाही मान्य होईल.

प्रथम उपकरणांकडे वळू. भिंतीवरचा तापमापक केवळ हवेचे तापमान सांगतो. माणसाला जाणवणारा उष्मा मात्र सहा गोष्टींवर ठरतो : हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांतून अंगावर येणारी उष्णता, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराचे श्रम. पलंगाच्या वर तापलेला स्लॅब असेल, तर हवा फारशी गरम नसतानाही अंग भाजल्यासारखे वाटते. हे मोजण्यासाठी काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात तापमापक बसवितात. महागडा तांब्याचा गोळा नसला तरी टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून काम भागते. संशोधकांनीही असे चेंडू वापरले आहेत.

मोजण्याची वेळ ही त्याहून महत्त्वाची. मंगलोरी कौल पातळ असते. ते उन्हात लवकर तापते आणि सूर्य कलला की लवकर निवते, फटींतून वाराही खेळतो. काँक्रीटचा स्लॅब जड. दिवसभर उष्णता साठवितो आणि संध्याकाळनंतर कित्येक तास खाली सोडीत राहतो. म्हणून भर दुपारी मोजमाप केले तर दोष कौलांवर येईल, रात्री दहाला केले तर स्लॅबवर. दोन्ही नोंदी खऱ्या. पण आपली मुले दुपारी वर्गात असतात आणि रात्री खोलीत. तेव्हा आपल्या प्रश्नासाठी रात्रीचीच नोंद कामाची. प्रश्न काय आहे हे ठरल्याशिवाय पद्धत ठरत नाही, ती अशी.

कूलरचा निर्णय तर दोन साध्या तापमापकांवर होऊ शकतो. एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळावे, दुसरा कोरडा ठेवावा आणि दोघांना पंख्याचा वारा द्यावा. दोहोंतील फरक जितका, त्याहून अधिक गारवा कूलर कधीच देऊ शकत नाही. विदर्भात एप्रिलमध्ये हा फरक भरपूर असतो, म्हणून तेथे कूलर घरोघरी दिसतो. जयगडच्या खाडीवरच्या दमट रात्री तो इतका थोडा असतो की कूलर खोलीत ओल वाढविण्यापलीकडे काही साधणार नाही.

आता विजेचे बिल. बिल हा दस्तऐवज आहे, पण त्याला बोलते करावे लागते. संपूर्ण आवाराचे बिल एकत्र येते. त्यात पाण्याचा पंप, स्वयंपाकघर, अभ्यासिका सारेच. वरच्या मजल्याला स्वतंत्र उपमीटर लावल्याशिवाय तेथील खर्च कळणार नाही. तोवर हिशेब करता येतो : साधारण ७५ वॅटचा पंखा रात्री दहा तास चालला तर पाऊण युनिट, असे बारा पंखे म्हणजे रात्रीला ९ युनिट. सुमारे ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे असतील तर तेच काम ३.६ युनिटमध्ये होते. जयगडच्या औष्णिक प्रकल्पाची क्षमता १२०० मेगावॅट आहे, पण वीज शेजारी तयार होते म्हणून आपले बिल कमी येत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४३ साली वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्षस्थान भूषविले होते. वीज मुबलक आणि स्वस्त असावी हा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक युनिटचा हिशेब मागणे त्या आग्रहाशी सुसंगतच आहे.

उपकरणे आणि बिल झाल्यावर राहतो तो माणूस. डेन्मार्कचे फँगर यांचे १९७० चे प्रसिद्ध सूत्र युरोप-अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नियंत्रित खोलीत बसवून केलेल्या प्रयोगांवर उभे आहे. भारतात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतील १६ इमारतींत तीन ऋतूंमध्ये ६३३० प्रतिसाद गोळा करून भारतीयांसाठी वेगळे प्रारूप तयार झाले. हे मोठेच काम. तथापि त्या इमारती कार्यालयांच्या होत्या. वसतिगृहात झोपणारी बारा वर्षांची मुलगी किंवा चुलीपुढे उभी राहणारी मावशी त्यांत नाही. तिला आपणच विचारले पाहिजे.

विचारायचे कसे? परदेशी प्रश्नावलीत थंडपासून गरमपर्यंत सात पायऱ्या असतात. त्यांचे शब्दशः मराठीकरण केले की घोटाळा होतो. 'उबदार' हा शब्द आपल्याकडे सुखाचा आहे, तक्रारीचा नव्हे. 'गार' म्हटले की बरेच वाटते. उलट 'उकडते' या एका शब्दात उष्णता, दमटपणा आणि वाऱ्याचा अभाव तिन्ही येतात. म्हणून 'किती गरम वाटते' याबरोबर 'वारा आणखी हवा का', 'घामाने जाग आली का' असे साधे प्रश्न हवेत. आणि ते शिक्षकाने समोर उभे राहून विचारू नयेत, कारण उत्तर 'ठीक आहे, सर' असेच येणार. नाव नसलेली चिठ्ठी बरी.

येथे एक धोका आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. माणूस हवामानाशी जुळवून घेतो, हे नव्या प्रारूपाचे तत्त्व खरे आहे. पण जुळवून घेणे आणि सोसणे यांत भेद आहे. ज्याच्या हाती खिडकीची कडी, पंख्याचे बटण आणि कपडे बदलण्याची मुभा आहे तो जुळवून घेतो. ज्याच्या हाती यांतले काहीच नाही तो सोसतो आणि विचारल्यावर 'सवय आहे' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या गैरसोय निमूट सोसणे हाच ज्यांचा धर्म ठरविला गेला, त्या आपल्या समाजात हे उत्तर समाधान म्हणून नोंदविणे अन्यायाचे ठरेल. यावर उपाय म्हणजे निरीक्षण. मुले रात्री अंथरूण उचलून पडवीत जातात का? कोणता पलंग रिकामा राहतो? कोणती खिडकी डासांमुळे बंदच असते?

मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन इमारतींचा जो अभ्यास आयआयटी मुंबई आणि केंब्रिजच्या संशोधकांनी केला, त्यात हेच दिसले. गल्लीत, उंबऱ्यावर होणारी स्त्रियांची कामे बंद दाराआड आली आणि घरातील विजेचा वापर वाढला. केवळ उत्पन्नाच्या आकड्यांवरून त्याचा उलगडा झाला नसता. स्त्रियांशी बोलावे लागले.

आपल्याकडे मे महिन्यात वसतिगृह सुट्टीमुळे रिकामे असते. तेव्हा नोंदी ऑक्टोबरमध्ये आणि मार्च-एप्रिलमध्ये घ्याव्यात. कौलारू आणि स्लॅबच्या खोल्यांत एकाच रात्री, पलंगाच्या उंचीवर. नववीच्या मुलामुलींना हे सहज जमेल. जुन्या काळासाठी मात्र साधन एकच, ते म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी. 'आमच्या वेळी उकडत नव्हते' एवढे विधान पुरावा म्हणून चालणार नाही. कोणते वर्ष, कोणती खोली, कोणता महिना आणि अंथरूण कोठे टाकीत होता, हे चार तपशील लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवावेत.