अर्धवट असलं तरी दाखव

अगं, परवा तुझ्या आईने मला जिन्यात गाठलं. "ही पोरगी हल्ली खोलीबाहेर पडत नाही गं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या काळ्या पाटीवर पेन घासत बसते," म्हणाली. काळी पाटी म्हणजे तुझा पेन टॅब्लेट. मला हसूच आलं. माझी आईही अशीच करवादायची. तेव्हा पाटीच्या जागी लाइट बॉक्स होता आणि खालून येणाऱ्या त्या उजेडाने माझे डोळे जाणार अशी तिची खात्री होती. डोळे शाबूत आहेत. मनगट गेलं, पण ते नंतर सांगते.

हसू थांबलं ते तिच्या पुढच्या वाक्याला. "त्यांच्या लायनीतल्या लोकांचा कसला तरी कार्यक्रम होता, तिथेही गेली नाही. म्हणते, तिथे सगळे इंग्रजीत बोलतात, मला कोण विचारतंय!"

म्हणून आज तुला मुद्दाम गॅलरीत बोलावलं. चहा घे, आणि मी बोलेन तेवढा वेळ तो फोन उपडा ठेव.

हे बघ, मीसुद्धा पहिल्या तीन वेळा अशा कार्यक्रमांना जाऊन एक शब्द न बोलता परत आलेय. अ‍ॅनिमेशनचा डिप्लोमा नुकताच संपलेला, फीचं कर्ज डोक्यावर, आणि समोर अहमदाबादच्या एनआयडीतून आणि पवईच्या आयआयटीतून आलेली पोरं कोणत्या तरी रशियन फिल्मवर तावातावाने बोलतायत. मी आपली समोशांच्या टेबलाशी उभी. बशी हातात असली की माणूस एकटा दिसत नाही, हा शोध माझा. फिल्म्स बघायच्या, समोसा खायचा, ग्रँट रोडला येऊन गाडी पकडायची. घरी येऊन सांगायचं, "छान झाला कार्यक्रम."

चौथ्या वेळी काय झालं, ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

एक लहानसा मेळावा होता, तीसेक माणसं. ज्यांनी ज्यांनी आपलं काम आणलंय त्यांनी दाखवा, असं अचानक सांगितलं. माझ्या पर्समध्ये सीडी होती, वीस सेकंदांची. आपल्या मिरची गल्लीतली एक बाई डंकावर मसाला कुटून घेतेय, नाकात तिखट जातं आणि तिला शिंक येते, एवढीच गोष्ट. दोन महिने खपून काढलेली. शिंकेबरोबर तिचा पदर, पिशवी, समोरच्या मिरच्यांचा ढीग, सगळं उडतं. घरात सगळे खो खो हसले होते. तिथे कुणीही हसलं नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, आता मीच त्या डंकाखाली जाऊन बसावं.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा उठून माझ्याजवळ आले. सेल्युलॉइडवर रंग भरण्याच्या जमान्यातले. म्हणाले, "मुली, शिंक येण्याआधी माणूस थांबतो. तुझी बाई थांबलीच नाही."

बस्स, एवढंच. घरी येऊन मी नाक वर गेलेलं, डोळे अर्धे मिटलेलं, तोंड उघडं पडलेलं ते एकच चित्र सोळा फ्रेम धरून ठेवलं. एकही नवीन चित्र काढावं लागलं नाही बघ. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. पुढच्या वेळी तीच फिल्म दाखवली तेव्हा लोक शिंकेच्या आधीच हसले. ती थांबली, आणि लोक हसले.

ती फिल्म मी एकटीने तीनशे वेळा तरी पाहिली असेल. तीनशे वेळा पाहणाऱ्याला शिंक येणार हे ठाऊक असतं, म्हणून थांबा कमी पडतोय हे त्याला दिसतच नाही. ते पहिल्यांदा पाहणाऱ्यालाच दिसतं. तू परवा तुझा तो कावळा मला फोनवर दाखवलास, कठड्यावर बसतो तिथवर, आणि उडायच्या आधी पटकन बंद केलास. "पुढचं अजून रफ आहे, ताई." अगं, मला रफच बघायचं होतं! क्लीन-अप झाल्यावर, रंग भरल्यावर कुणी चूक दाखवली तर तुला राग येणार, आणि दुरुस्त करायला हातही धजणार नाही.

तुला वाटेल, अर्धवट काम दाखवणं हे नवीन लोकांचं फॅड आहे. आपल्या लालबागच्या कारखान्यांतच बघ ना. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर किती मुरलेला असतो. पण मोठ्या मूर्तीची नजर आखली की तोही परांचीवरून खाली येतो, लांब उभा राहतो, आणि रंग कालवणाऱ्या पोराला विचारतो, "काय रे, कुठे बघतोय बाप्पा?" खालून दर्शन घेणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडतोय की नाही, हे वर चढून ब्रश धरलेल्या माणसाला कळत नाही. त्या पोराने "जरा डावीकडे बघतोय" म्हटलं तर कुणाचा मान जात नाही. आणि आपण वीस सेकंदांच्या कावळ्याला एवढं जपायचं?

आता इंग्रजीचं. बोलणारे बोलतात, खरं आहे. पण चित्र हललं की तिथला प्रत्येकजण पडद्याकडे बघतो, तुझ्या व्याकरणाकडे नाही. मी आजही मराठी, हिंदी, इंग्रजी कालवूनच बोलते आणि शॉट समजावताना उठून नाक वर करून दाखवते. त्या लायनीतले निम्मे लोक शब्द सुचला नाही की हातवारेच करतात.

आणि परकी जागा कसली म्हणतेस? तू दादर पूर्वेला क्लासला ज्या रस्त्याने जायचीस, पावसात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून, तो दादासाहेब फाळके रस्ता. तिथल्याच मथुरा भवनात फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चा संसार मांडला आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आणला. हे शाळेतच शिकवतात. त्याच्या आदल्या वर्षीचं मात्र कुणी सांगत नाही. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि थोडं थोडं करून, दिवसामागून दिवस, त्याचं रोप कसं वाढतं ते टिपलं. पडद्यावर दाणा फुटून वेल झपाझप वर चढला. तेच बघून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. म्हणजे पहिल्या सिनेमाला पैसा उभा राहिला तोही एकेक फ्रेम धरून काढलेल्या वाटाण्यावर. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या जराजरा सरकवून. आणि यातही लक्षात घे, अर्धवट वाढलेलं रोप दाखवायला ते लाजले नाहीत.

त्या काड्यांवरून आठवलं. गीतांजली राव 'जे. जे. उपयोजित'मधून शिकल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करत अ‍ॅनिमेशन शिकल्या, आणि मग स्वतःच्या हाताने 'प्रिंटेड रेनबो' रंगवली. एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची चित्रं. २००६ साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्या फिल्मला तीन पुरस्कार मिळाले. तू म्हणशील, बघ, एकटीनेच केली ना! केली. पण आधी किती वर्षं दुसऱ्यांच्या टेबलांशेजारी बसून! आणि 'बॉम्बे रोझ' करताना त्यांनाही मोठी टोळी लागलीच.

राम मोहन यांचं नाव आलंच आहे तर पेडर रोडचंही ऐक. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ ला सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. रसायनशास्त्र शिकलेले राम मोहन त्याच वर्षी तिथे लागले. एका टेबलावर एकाने की पोझ काढायच्या, शेजारच्याने मधली चित्रं भरायची, तिसऱ्याने सेल रंगवायचे. कुणाचं काम कुणापासून लपणारच नाही अशी ती रचना होती. त्या कंपाउंडमधल्या गुलशन महालात २०१९ पासून सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि २०२५ पासून आयआयसीटी या नव्या संस्थेचे वर्गही तिथेच भरू लागलेत. लालबागहून अर्ध्या-पाऊण तासाची वाट.

आणि 'मिफ'. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव, १९९० पासून वर्षाआड भरतो. नोंदणी सुरू झाली की लगेच करून टाक. तिथे मोठ्या बक्षिसाच्या फिल्मला सगळेच गर्दी करतात. तू विद्यार्थ्यांच्या फिल्म्सचा खेळ चुकवू नकोस. तिथे चुका दिसतात, आणि चुका करणारे चहाच्या टपरीवर भेटतात. फिल्म संपून नावं वर सरकायला लागली की लोक उठतात, तू बसून राहा. आवडलेल्या शॉटच्या माणसाचं नाव वहीत लिही. नंतर त्याला शोधून "सर, काही काम असेल तर सांगा" असं म्हणायचं नाही. "त्या बाईने पदर खोचला तो शॉट कसा केलात?" असं विचार. काम त्यातूनच निघतं, आठ दिवसांनी, नाहीतर दोन वर्षांनी.

'टासी' ही इथल्या अ‍ॅनिमेशनवाल्यांची संघटना २००१ पासून आहे. आणि २८ ऑक्टोबरचा अ‍ॅनिमेशन दिन तर जगभर पाळतात. तारीख तीच का, माहितीये? १८९२ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये एमिल रेनो नावाच्या माणसाने हाताने रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर हलवून लोकांना दाखवल्या. ल्युमिएर बंधूंच्या आधी तीन वर्षं. चित्र आधी हललं बयो, सिनेमा मागून आला. आपल्या लायनीला कुणी "कार्टून-बिर्टून" म्हटलं की मी हेच ऐकवते.

सगळं गोड गोड आहे असं मात्र समजू नकोस. घोळक्यात सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. "रील बघायला घरी ये" म्हणणाऱ्याला "इथेच बघा, फोनवर आहे" सांगायचं. शेवटच्या गाडीची वेळ मनात ठेवायची, आणि शक्यतो एखाद्या मैत्रिणीला सोबत घ्यायचं. मेळाव्यात कोर्स विकणारेही येतात. त्यांची चकचकीत रील बघून पैसे भरू नकोस. गेल्या वर्षीच्या चार मुलांना गाठ, ती आता कुठे आहेत ते विचार. काम देण्याआधी टेस्ट मागितली तर छोटी दे. आठवडाभराचा शॉट फुकट मागत असतील तर ती टेस्ट नाही, ते काम आहे. आणि आपलं नाव क्रेडिटमध्ये कसं जाणार, ते सुरुवातीलाच लिहून घे. मी रोटो करत दोन वर्षं काढली, माणसांच्या केसांभोवती रेघा ओढत. एकाही फिल्मवर माझं नाव नाही. तेव्हा विचारायचीच लाज वाटली.

मग एक स्टुडिओ बंद पडला. माझा तीन महिन्यांचा पगार बुडाला. त्या संध्याकाळी मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो समोशांच्या रांगेत ओळख झालेल्या एका मुलीचा. "आमच्याकडे क्लीन-अपला माणूस हवाय, येतेस?" ती पुढे माझ्या लग्नात मेंदी काढायला बसली, ते सोड. या धंद्यात मोठमोठ्या कंपन्याही अशाच कोसळतात. 'लाइफ ऑफ पाय'ला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात, २०१३ च्या फेब्रुवारीत, ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने दिवाळखोरी जाहीर केली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर कोलमडली आणि आपल्या देशातल्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीचं आयकार्ड एका दिवसात निकामी होतं. ओळखीच्या माणसाचा फोन मात्र लागतो.

मनगटाचं राहिलं. तासाला पाच मिनिटं पेन खाली ठेव, खुर्चीची उंची बघ, आणि दुखायला लागल्यावर बाम चोळत बसू नकोस, डॉक्टर गाठ. मी गाठला नाही. आता पोळ्या लाटतानाही कळ येते.

तर ऐक. येत्या रविवारी आपण गुलशन महालात जायचं. साडेदहाला खाली ये, लोअर परळहून स्लो पकडू, ग्रँट रोडला उतरू. दुपारी माझ्या जुन्या दोन-तीन मैत्रिणी येणार आहेत, सगळ्या याच लायनीतल्या. मी माझी शिंक आणते, पहिली, न हसवणारी. तू तुझा कावळा आण. उडत नसला तरी चालेल, बसलेलाच आण.