पडद्यावर किती असावे?

प्रस्तावना

बँकेच्या एटीएमसमोर किंवा तिकिटाच्या यंत्रासमोर तुम्ही कधी गोंधळून उभे राहिला आहात का? मागे रांग वाढत जाते, पडद्यावरची अक्षरे आणि चौकटी एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात आणि 'आपल्यालाच हे जमत नाही' असे वाटून माणूस मागे फिरतो. अशा वेळी दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो का? पडद्यावर काय दाखवावे, किती दाखवावे आणि काय झाकून ठेवावे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. या ठरवण्यालाच मांडणी म्हणतात. या मांडणीविषयी अनेक प्रयोग झाले ते संगणकावरील खेळांत. प्रस्तुत पाठात त्या प्रयोगांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

• मोजकी मांडणी आणि तपशीलवार मांडणी यांतील फरक सांगू शकाल;
• प्रत्येक मांडणीचे गुण व मर्यादा उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• रोजच्या वापरातील एखाद्या यंत्राच्या मांडणीचे परीक्षण करू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. दोन शहरे, दोन पत्ते

बेंगळुरूच्या दक्षिण भागात जयनगर ही वसाहत आहे. १९४८ साली तिची पायाभरणी झाली. ही वसाहत आधी कागदावर आखली गेली आणि मग उभी राहिली. तिचे भाग क्रमांकांनी ओळखले जातात. प्रत्येक भागाला 'ब्लॉक', एका दिशेने जाणाऱ्या रस्त्यांना 'मेन' आणि त्यांना छेदणाऱ्या रस्त्यांना 'क्रॉस' म्हणतात. सातारा किंवा बेळगावहून प्रथमच आलेल्या माणसाला कन्नड येत नसले, तरी ब्लॉक, मेन आणि क्रॉस यांचे तीन आकडे हाती असले की तो घराच्या जवळपास पोहोचू शकतो. पत्ता थोडक्यात आटोपतो.

पुण्याच्या जुन्या पेठांत रीत वेगळी आहे. तेथे पत्ता सांगताना वाटेतले देऊळ, चौक, वाडा, दुकान या खुणा सांगितल्या जातात. जिलब्या मारुती, सोन्या मारुती अशी देवळांची नावेच वाटाड्याचे काम करतात. पत्ता लांबतो; परंतु ज्याला त्या खुणा ठाऊक आहेत, त्याच्या डोळ्यांसमोर सारी वाट उभी राहते.

जयनगरची रीत नवख्याच्या सोयीची, तर पेठांची रीत रहिवाशाच्या सोयीची आहे. पण इथेही एक मेख आहे. जयनगरात 'चौथा ब्लॉक' आहे आणि 'चौथा टी ब्लॉक'ही आहे. हे एक अक्षर पत्त्यातून गाळले, तर नवखा माणूस भलत्याच रस्त्यावर भटकतो. थोडक्यात सांगितलेली गोष्ट सोपी असतेच असे नाही. गाळलेले आपल्याला आधीच माहीत असेल, तरच ती सोपी ठरते.

२. रिकामा पडदा

हाच प्रश्न संगणकावरील खेळांपुढे उभा राहिला. ज्या खेळात खेळाडू योद्धा, जादूगार किंवा वैद्य अशा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन काल्पनिक जगात वावरतो, त्याला 'भूमिकाखेळ' म्हणता येईल. असा खेळ अनेक जण दूरदूरच्या संगणकांवरून एकाच वेळी खेळू लागले, की तो ऑनलाइन भूमिकाखेळ होतो. खेळाडू आणि हे जग यांना जोडणारा दुवा म्हणजे पडद्यावरील पट्ट्या, चित्रे, नकाशे व बटणे. या दुव्याला 'इंटरफेस' म्हणतात.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा असा एक खेळ घडवला. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर केवळ शब्द उमटत. समोर कोणती जागा आहे, तेथे कोणती वस्तू पडली आहे, याचे वर्णन येई आणि खेळाडूने 'उत्तरेकडे जा', 'दिवा उचल' अशा अर्थाच्या आज्ञा इंग्रजीत टंकायच्या असत.

याहून मोजका पडदा क्वचितच असेल. तरीही नवख्याला तो अवघड जाई, कारण कोणत्या आज्ञा चालतात हे पडदा सांगत नसे. त्या लक्षात ठेवाव्या लागत. येथे एक महत्त्वाचे तत्त्व दिसते. आठवणे कठीण असते, ओळखणे त्या मानाने सोपे असते. भांड्यांची नावे न पाहता सांगा म्हटले तर माणूस अडखळतो, पण फडताळ उघडले की हवे ते भांडे चटकन उचलतो. पडद्यावरील बटणे हे काम करतात. म्हणून रिकामा पडदा म्हणजे सोपा पडदा, असे समीकरण मांडता येत नाही.

३. भरलेला पडदा

पुढे खेळांत चित्रे आली. १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात काल्पनिक जग पडद्याच्या मधल्या चौकटीत दिसे आणि चौकटीभोवती बटणे व माहितीचे फलक असत. २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ आला. त्यात सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमेवर चाळीस खेळाडू एकत्र जात. त्यांतील काहींचे काम लढण्याचे नसून जखमी साथीदारांना बरे करण्याचे असे.

या वैद्याची अडचण लक्षात घ्या. चाळीस जणांपैकी कोणाची प्राणशक्ती घटते आहे, हे त्याला क्षणाक्षणाला कळायला हवे. धुमश्चक्रीत ते नुसत्या चित्रावरून कळत नाही. म्हणून त्याला चाळीस पट्ट्या पडद्यावर हव्या असत. खेळाला जोडण्याच्या छोट्या प्रणाली खेळाडूंनाच लिहिता येतील, अशी सोय या खेळात होती. खेळाडूंनी अशा असंख्य प्रणाली लिहिल्या आणि पडदे पट्ट्या, आकडे व इशाऱ्यांनी भरून गेले. बाहेरून पाहणाऱ्याला तो पसारा वाटे. वैद्याला मात्र त्यातील प्रत्येक पट्टी उपयोगाची होती.

या सोयीची किंमतही होती. समोर राक्षसाशी लढाई जुंपलेली असे आणि वैद्याचे डोळे मात्र पट्ट्यांवर खिळलेले असत. ज्या जगात रमण्यासाठी तो आला, त्या जगाकडेच त्याला कानाडोळा करावा लागे.

४. मोजका पडदा

२०१२ मध्ये आलेल्या 'जर्नी' या खेळाने याच्या अगदी उलट वाट धरली. हा काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नव्हे. परंतु मोजक्या मांडणीचे ते ठळक उदाहरण आहे. वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे जाणाऱ्या यात्रिकाची ही कथा आहे. वाटेत दुसरा खेळाडू भेटतो. त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सूर काढून हाक घालता येते. यात्रिकाला किती वेळ उडता येईल, हे आकड्याने सांगितलेले नसते. त्याच्या गळ्यातील उपरण्यासारख्या वस्त्राची लांबी आणि त्यावरील तेज यांवरून ते कळते. माहिती पडद्यावर चिकटवलेली नाही, ती चित्रातच विणलेली आहे.

हे येथे साधले, कारण सांगण्याजोग्या गोष्टीच थोड्या होत्या. चाळीस जणांच्या वैद्याला अशी मांडणी दिली, तर त्याचे साथीदार प्राणास मुकतील.

५. चुकीची किंमत

मांडणी फसली तर काय होते? सप्टेंबर २०१० मध्ये एका जपानी कंपनीने 'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन भूमिकाखेळ बाजारात आणला. त्याची चित्रे देखणी होती. परंतु साध्या कामासाठी एकामागून एक याद्या उघडाव्या लागत आणि प्रतिसादही उशिरा मिळे. इतर उणिवांच्या जोडीला ही मांडणीही खेळाडूंच्या रोषाचे कारण ठरली. कंपनीने जाहीर क्षमा मागितली व डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपवली. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो खेळ बंद करण्यात आला आणि नव्याने घडवलेला खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाला.

नव्या खेळात आरंभी थोडीच कौशल्ये मिळतात, त्यामुळे बटणेही थोडी लागतात. खेळाडू जसजसा तयार होतो, तसतशी ती वाढतात. शिवाय पट्ट्या व फलक हलवण्याची आणि लहानमोठे करण्याची मुभा आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नेही २०२२ मध्ये पडद्याची अशी फेरमांडणी करण्याची सोय खेळातच दिली. 'मोजके की तपशीलवार' या वादातून निघालेला हा मार्ग आहे: आधी थोडे दाखवावे, गरजेप्रमाणे वाढवावे आणि शेवटचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती ठेवावा.

६. खेळाबाहेरचे जग

याच तत्त्वाचे एक उदाहरण बेंगळुरूतच सापडते. भारतातील मतदान यंत्रे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपन्या तयार करतात. या यंत्राचे मुख्य दोन भाग असतात. मतदारापुढील भागावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र, चिन्ह आणि शेजारी निळे बटण असते. वाचता न येणाऱ्याला चिन्हाचा आधार मिळतो. बटण दाबताच लाल दिवा लागतो व आवाज होतो; काम झाल्याची ही पावती होय. मतदान अधिकाऱ्यापुढील भागावर मात्र एकूण मते, समाप्ती, निकाल अशी निरनिराळी बटणे असतात आणि निकालाचा कप्पा मतमोजणीपर्यंत मोहोरबंद असतो. यंत्र एकच, पण दोन माणसांची कामे वेगळी, म्हणून मांडण्याही वेगळ्या.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. देवनागरीत मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार अक्षराच्या वर जातात, तर उकार खाली येतात. इंग्रजी अक्षरे मोजून आखलेल्या चिमुकल्या चौकटीत ही चिन्हे छाटली जातात किंवा जोडाक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात. लाल आणि हिरवा रंग वेगळा न दिसणाऱ्याला नुसत्या रंगाने दिलेला इशारा कळत नाही. अशा माणसाला पडदा दाराबाहेरच ठेवतो, आणि अपयशाचा ठपका मात्र त्याच्याच पदरी पडतो.

पडद्यावर किती असावे, याचे एक उत्तर नाही. 'कोणासाठी, कोणत्या क्षणी, कोणत्या कामासाठी?' हे आधी विचारावे लागते. नवख्याला पहिले पाऊल दिसले पाहिजे, जाणत्याला सारी वाट दिसली पाहिजे. यानंतर एखाद्या यंत्रापुढे तुम्ही अडखळलात, तर स्वतःला कमी लेखण्यापूर्वी पडद्याकडे पुन्हा एकदा निरखून पाहा. तो घडवणाऱ्याला तुमची आठवण झाली होती का?

शब्दार्थ

मेख – गुपित अडचण
वाटाड्या – वाट दाखवणारा
फडताळ – भिंतीतील कपाट
धुमश्चक्री – मोठी झटापट
मोहोरबंद – शिक्का मारून बंद केलेले
ठपका – दोषारोप

पाठगत प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.
१. जयनगरची पायाभरणी ______ साली झाली.
२. 'मड' या खेळात आज्ञा ______ भाषेत टंकाव्या लागत.
३. आठवण्यापेक्षा ______ सोपे असते.

आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. पडद्यावर जितके कमी, तितका तो सोपा.
२. 'जर्नी' या खेळात दुसऱ्या खेळाडूशी बोलता येत नाही.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: कानाडोळा करणे, डोळे खिळणे, सूत्रे सोपवणे, पदरी पडणे.

तुम्ही काय शिकलात?

• मोजक्या मांडणीत गाळलेली माहिती वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असावी लागते.
• तपशीलवार मांडणी जाणत्याला उपयोगी पडते, पण त्याचे लक्ष वेधून घेते.
• माहिती टप्प्याटप्प्याने दाखवणे हा मध्यममार्ग आहे.
• मांडणी ठरवताना वापरणाऱ्याची भाषा, दृष्टी आणि गरज यांचा विचार करावा लागतो.

स्वाध्याय

१. जयनगर आणि पुण्यातील पेठा यांच्या उदाहरणांतून लेखात कोणता विचार मांडला आहे?
२. 'वैद्याला त्यातील प्रत्येक पट्टी उपयोगाची होती.' या विधानाची दुसरी बाजू कोणती?
३. मतदान यंत्राच्या दोन भागांची मांडणी वेगळी का आहे?
४. तुमच्या परिसरातील एका यंत्राचा पडदा पाहा. त्यात कोणते बदल करावेत, हे सुचवणारे पत्र संबंधित कार्यालयास लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

अ) १. १९४८ २. इंग्रजी ३. ओळखणे
आ) १. चूक २. बरोबर