राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन

प्रश्न : वडिलांची सेनेत 7 वर्षे प्रत्यक्ष आणि 8 वर्षे राखीव सेवा झाली होती. त्यांना निवृत्तिवेतनाचा हक्क आहे का? (एक वाचक, पारनेर)

उत्तर : होय. जुन्या भरतीच्या करारानुसार जवान काही वर्षे पलटणीत प्रत्यक्ष सेवा, म्हणजे ‘कलर सर्व्हिस’, करून घरी परते आणि उरलेली वर्षे युद्धप्रसंगी बोलावणे येईल या अटीवर राखीव दलात राही. या दोन्हींची पात्र सेवा मिळून 15 वर्षे भरत असेल, तर सेनेच्या 1961 च्या निवृत्तिवेतन नियमावलीतील नियम 155 प्रमाणे, शिपायाच्या किमान निवृत्तिवेतनाच्या दोन-तृतीयांश इतके राखीव निवृत्तिवेतन मिळू शकते. मात्र त्याऐवजी एकरकमी ग्रॅच्युइटी घेतलेल्यांचा हा हक्क संपतो. 2015 च्या ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ आदेशातूनही राखीव निवृत्तिवेतनधारक वगळले गेले, ही बाब अन्यायाचीच म्हणावी लागेल.

पुराव्याचा खरा आधार सेवामुक्ती पुस्तिका होय. तीत दोन्ही सेवांच्या तारखा आणि सेवामुक्तीचे कारण नोंदलेले असते. अर्ज ज्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो : चिलखती दलाचे हे कार्यालय अहिल्यानगरातच आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे मात्र बेळगावला. संबंधितांनी पुस्तिकेची प्रत घेऊन प्रथम अहिल्यानगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि अर्जाची पोच अवश्य घ्यावी.