ऐकूं येत नाहीं, हें सांगावें

उतारवयांत कान मंदावले म्हणजे पुष्कळ माणसें तें लपवितात. इतर हंसले कीं आपणही हंसावयाचें, आणि हळूहळू बैठकीस जाणेंच सोडावयाचें. प्रख्यात जर्मन संगीतकार बेथोव्हेन यानेंही हेंच केलें. बहिरेपण उघड करवेना म्हणून आपण लोकांस टाळलें, अशी कबुली त्यानें १८०२ सालीं भावांस लिहिलेल्या पत्रांत दिली; पण तें पत्रही पाठविलें नाहीं! पुढें १८१८ च्या सुमारास तो जवळ वह्या बाळगूं लागला. भेटावयास येणारे त्यांत लिहीत, व तो बहुधा तोंडीं उत्तर देई.

आपल्या घरच्या आजीबाईंस अक्षरओळख नसेल तर वही निरुपयोगी खरी. परंतु समोर बसून, आपल्या तोंडावर उजेड पडेल असें, सावकाश बोलतां येतें. ओरडूं नये. वार्धक्यांत स, श यांसारखे बारीक ध्वनि आधीं हरपतात. आवाज पोंचतो, पण शब्द उमगत नाहीं. न कळल्यास तीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगावी. "जाऊं द्या, कांहीं नाहीं" असें म्हणून तोंड फिरवूं नये. श्रवणयंत्राची सवय होण्यास कांहीं आठवडे लागतात, तें लगेच पेटींत टाकूं नये. मात्र त्याआधीं कान डॉक्टरांस दाखवावे. कधीं कधीं आंत नुसता मळ साचलेला असतो.