आंग्र्यांच्या रीतीने जहाज धरण्याची कृती

इंग्रज कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणत. पण या सरखेलांच्या, म्हणजे मराठी आरमारप्रमुखांच्या, आरमाराची जहाज धरण्याची रीत पायरीपायरीने पाहिली, तर ती लुटीपेक्षा जकातवसुलीच्या जास्त जवळची वाटते.

आधी सरंजाम. मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथ असलेल्या आज्ञापत्राने पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा सांगितला आहे. मोठ्या शिकारीला आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते निघत. गुराब रुंद पोटाची, नाळेकडे निमुळती. तीन डोलांची असली तर साधारण 300 टनांची. नाळेत 9 किंवा 12 पौंडी गोळ्याच्या दोन तोफा, तोंड पुढे. गलबत 70 टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे.

पहिली पायरी कागदाची: दस्तक, म्हणजे आंग्र्यांचा परवाना, आहे का, ते विचारावे. असेल तर जहाज जाऊ द्यावे. यात नवे काहीच नव्हते. पोर्तुगीज दोनशे वर्षे आपला परवाना याच समुद्रात विकत होते. मुंबईकर इंग्रजांना मात्र आंग्र्यांचा परवाना झोंबला. 1713 च्या तहाने कंपनीची जहाजे मोकळी सोडायचे ठरले, तरी देशी सावकाराच्या मालावर इंग्रजी निशाण चढले की ते जहाज कोणाचे, यावर घोडे अडले ते अडलेच.

दस्तक नसेल तर नांगर उचलावा. वारा असेल तर शिडे सोडावीत. वारा पडला असेल तर उत्तमच: गलबतांनी दोर बांधून गुराबा ओढाव्यात. उंच विलायती जहाज अशा वेळी जागीच डुलत राहते.

आता खरी हातोटी. जहाजाला बगलेने कधीच भिडू नये, त्याच्या तोफांची रांग तिथेच असते. पिच्छाडीला जमावे, गुराबांची नाळ त्याच्याकडे करावी आणि गोळे डोलांवर टाकावेत. बुडालेल्या जहाजाची ना जकात मिळते ना खंडणी. डोल मोडली, शिडे लोंबली की सुकाणूही निकामी. मग जवळ सरकून चहूबाजूंनी मारा करावा.

निशाण उतरले म्हणून लगेच बिलगू नये. आज्ञापत्राची ताकीद स्पष्ट आहे: तोफेच्या टप्प्यात लांब राहावे, त्यांच्या मुख्य माणसांना होडीतून आपल्याकडे बोलवावे. निशाण उतरलेच नाही, तर एकेका गलबतात दोन-तीनशे माणसे घालून सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी तलवारीनिशी चढावे.

शेवटी जहाज बंदरात आणावे, माणसे जिवंत ठेवावीत, घासाघीस करावी. ही पायरी सर्वांत लांबते. 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका धरली गेली. तिच्यावरच्या कॅथरीन या इंग्रज बाईचा नवरा लढाईत पडला. तिची सुटका 1713 मध्ये 30,000 रुपयांवर झाली.

ही कृती उघड्या दर्यातली, बंदरात नांगरून पडलेल्या आरमाराच्या ती कामाची नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या तोफांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरातच जाळले. त्या मोहिमेत इंग्रजांचे सोबती पेशवे होते.